तिसऱ्या वर्षाचं वेळापत्रक दाखवा: कोपरखैरणेतल्या एका मुलीची पत्रकारितेसाठी कॉलेज निवड

हे प्रकरण लिहायला मी तीन वर्षं थांबले. प्रवेश झाला त्याच वर्षी लिहिलं असतं तर 'आम्ही कसं बरोबर निवडलं' याचं कौतुकच झालं असतं. पुढे मुलगी टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला, गेली आणि कळलं, की आमचं बरोबर वाटलेलं उत्तर अर्धंच होतं. आता तिची पदवी हातात आहे, घरच्यांची परवानगीही आहे. नावं गाळली आहेत, ओळख पटेल अशा दोन-तीन खुणा बदलल्या आहेत आणि कॉलेजांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण यातलं बरंचसं कुठल्याही कॉलेजात घडू शकतं.

माझ्याबद्दल एवढंच, की मी वीसेक वर्षं एका मराठी दैनिकात डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानावर लावण्याच्या कामावर, होते. आता दोन कॉलेजांत व्हिजिटिंगला जाते आणि रविवारी सकाळी आमच्या सेक्टरातल्या वाचनालयात बसते. तिथेच ही मुलगी भेटली.

घर कोपरखैरणेच्या माथाडी वसाहतीतलं. वडील वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत, कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. गाव पाटण तालुक्यात. आई घरी शिवणकाम करते, धाकटा भाऊ तेव्हा आठवीत. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग जवळच्याच ज्युनिअर कॉलेजात आर्ट्स. ८ जून २०२२ ला बारावीचा निकाल लागला, तिला ७८ टक्के. घरात तोवर गृहीत होतं की ती बीए करेल आणि मग डीएड-बीएडचं काहीतरी बघू. तिने पत्रकारिता म्हटल्यावर वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, असं तिची आई सांगते.

मला ती या वाटेला जाईल असं वाटलं ते एका छोट्या गोष्टीमुळे. बारावीच्या आधीच्या हिवाळ्यात ती मोबाईलवर एक बातमी घेऊन आली. नवी मुंबईत कांदा बावीस रुपये क्विंटल, असा मथळा होता. 'ताई, बावीस रुपयांत क्विंटल मिळत असेल तर बाबा ट्रकच घरी आणतील,' म्हणाली. मग तिने वहीचं पान काढलं. वडिलांना विचारून तिने गोणीचं वजन, किलोचा भाव आणि क्विंटलचा भाव असा तिरपा हिशोब मांडला होता. लासलगावचा भाव क्विंटलमध्ये येतो, इथे मार्केटात किलोवर बोलतात, आणि कुणीतरी दोन्हींची खिचडी केली होती. बातमीत चूक सापडली म्हणून मुलं हसतात. चूक कुठून आली हे शोधायला ही बसली होती.

पत्रकार व्हायला पदवी लागतेच असं नाही, हे मी तिच्या वडिलांना पहिल्याच भेटीत सांगितलं. वकिलासारखी सनद इथे नाही. माझ्या डेस्कवर बीएस्सी होते, एमए मराठी होते, एक पशुवैद्यक होता. पण माहिती अधिकाऱ्यासारख्या सरकारी पदांना पत्रकारितेची पदवी किंवा पदविका मागतात, आणि आता दैनिकांच्या एचआरलाही अर्जात ती ओळ दिसली की बरं वाटतं. वडील म्हणाले, 'मॅडम, पोरीला काय करायचं ते करू द्या. पण पैसं कुठं बुडायला नकोत.' माथाडींच्या टोळीचं उत्पन्न मालाच्या आवकेवर असतं. मार्केटात गाड्या कमी आल्या की वाराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, कमी, आणि फीचा हप्ता काही गाड्या बघून येत नाही.

थोडं अभ्यासक्रमाविषयी, कारण गोंधळ इथेच सुरू होतो. मुंबई विद्यापीठात ज्याला सगळे अजून बीएमएम म्हणतात त्याचं नाव २०१९-२० पासून बीएएमएमसी झालं, म्हणजे बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन. नावात पत्रकारिता नाही, हे नीट बघा. तिच्या वेळच्या रचनेत पहिली दोन वर्षं सगळ्यांना सारखी: जनसंवादाची मूलतत्त्वं, माध्यमांचा इतिहास, चालू घडामोडी, जाहिरातीची ओळख, पत्रकारितेची ओळख, फोटोग्राफी, माध्यम कायदे, सिनेमा. तिसऱ्या वर्षी दोन वाटा फुटत, जाहिरात आणि पत्रकारिता. मुलं त्यांना 'ॲड' आणि 'जर्नो' म्हणतात. वार्तांकन, शोधपत्रकारिता, वृत्तपत्राची मांडणी हे सगळं त्या जर्नोच्या वर्षात. म्हणजे पत्रकारितेसाठी म्हणून प्रवेश घेतलेल्या मुलीला तिचा खरा विषय पाचव्या सत्रात भेटायचा, आणि भेटेलच याची खात्री कोणी देत नव्हतं.

कॉलेज बघायला आम्ही एकूण पाच ठिकाणं काढली होती. त्यातलं दक्षिण मुंबईचं लवकर मिटलं. झेवियर्सची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, तिची काही तयारी नव्हती, आणि बाकी नामवंत ठिकाणी तिच्या टक्क्यांत नंबर लागणं अवघड होतं. पनवेलच्या पुढचं एक खासगी विद्यापीठ फीचा आकडा बघूनच बाजूला ठेवलं. उरली तीन: घराजवळचं एक कॉलेज, वाशीतली एक संस्था आणि ठाण्यातलं एक कॉलेज.

घराजवळच्या कॉलेजात ती पायी जाऊ शकली असती. फी कमी, ओळखीच्या मुली तिथे, आईचा कल तिकडे. आम्ही दोघी गेलो. प्रॉस्पेक्टसच्या आतल्या पानावर स्वच्छ छापलं होतं: तिसऱ्या वर्षी जाहिरात अथवा पत्रकारिता. कोऑर्डिनेटर मॅडम रजेवर होत्या. परत फिरताना जिन्याजवळ काचेचा नोटीस बोर्ड होता, त्यात टीवायच्या सरत्या सत्राचं वेळापत्रक अजून टाचलेलं होतं, एका कोपऱ्याची पिन गंजून कागदाला तांबडा डाग पडलेला. सोमवारपासून वाचत गेले. ॲडव्हर्टायझिंग डिझाइन, डिजिटल मीडिया, मीडिया प्लॅनिंग, परत ॲडव्हर्टायझिंग डिझाइन. शनिवारपर्यंत वृत्तपत्राशी संबंधित एकही तास नाही. शिपाईमामा बाजूला उभे होते, त्यांना विचारलं, जर्नोचं वेगळं लावलंय का?

'जर्नो? होत नाही इथं. पोरंच नसतात, सगळी ॲडला जातात.'

किती वर्षं होत नाही? त्यांनी बोटं मोजली आणि सोडून दिली.

यात कॉलेज लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. हा अभ्यासक्रम विनाअनुदानित असतो, मुलांच्या फीतून चालतो. व्हिजिटिंग शिक्षकाला तासावर पैसे द्यायचे असतात, आणि सहा मुलांसाठी वेगळा वर्ग, वेगळे शिक्षक परवडत नाहीत. मुलांनाही दोष देता येत नाही. जाहिरातीत पहिला पगार बरा मिळतो असं सिनिअर सांगतात, आणि ते बहुतेक खरं असतं. पण प्रॉस्पेक्टसमधलं ते 'अथवा' प्रवेशाच्या वेळी वाचणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला कसं कळावं? विद्यापीठाने मान्यता दिलेली शाखा आणि प्रत्यक्षात भरणारा वर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वाशीतल्या संस्थेचं प्रकरण वेगळं. स्टेशनजवळ, काचेचं दार, एसी, आत हिरवा पडदा लावलेला स्टुडिओ, तीन कॅमेरे, निवेदकाचं टेबल. वडील सोबत होते. मार्केटातून थेट आलेले, खांद्यावर टॉवेल. स्टुडिओच्या दारात ते जरा वेळ थांबले. 'इथं तर टीव्हीच हाय की,' म्हणाले. मुलगीही भारावली होती, हे तिने नंतर कबूल केलं. काउन्सेलरने वर्षाला एक लाख पासष्ट हजार सांगितले, शिवाय 'प्लेसमेंट असिस्टन्स'. मी विचारलं, पदवी कोणाची? उत्तर यायला वेळ लागला. पदवी एका दुसऱ्या राज्यातल्या खासगी विद्यापीठाची होती, वर्ग मात्र इथे वाशीत, आणि परीक्षेला 'तिकडची टीम येते'.

इथे माझं जुनं डेस्कचं डोकं कामी आलं. छत्तीसगडने २००२ च्या कायद्याने भराभर खासगी विद्यापीठं काढली होती. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये ती रद्द केली. त्या बातमीचं पान माझ्या डेस्कवरून गेलं होतं, म्हणून ते लक्षात राहिलं. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००३ चे नियम सांगतात की खासगी विद्यापीठ एकसंध असतं. त्याला दुसऱ्या कॉलेजांना संलग्नता देता येत नाही, आणि आपल्या आवाराबाहेर केंद्र काढायचं तर रीतसर मंजुरी लागते. मी काउन्सेलरला त्या मंजुरीचं पत्र दाखवा म्हटलं. त्यांनी विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत असल्याचा कागद दाखवला. ते नाव यादीत होतंच, त्याबद्दल माझा प्रश्नच नव्हता. वाशीच्या या पत्त्याचं काय, एवढंच मी विचारत होते. पत्र शेवटपर्यंत आलं नाही.

वडिलांच्या खिशात दहा हजार रुपये होते, सीट बुक करायला आणलेले. मी फक्त एक आठवडा थांबा म्हटलं. पुढचे चार दिवस रोज फोन: शेवटच्या तीन सीटा, आज भरले तर सवलत. पाचव्या दिवशी वडीलच मला म्हणाले, 'मॅडम, मार्केटात शेवटची गोण म्हणून ओरडणारा दिवसभर तेच ओरडत असतो.' तिथे तो विषय मिटला. मी जे नियम-कायदे सांगत होते त्यापेक्षा त्यांना हे लवकर समजलं होतं, माझाच वेळ गेला.

ठाण्याच्या कॉलेजात आम्ही स्टुडिओ आहे का हे विचारलंच नाही. तिथे दोन गोष्टी मागितल्या. पहिली, टीवायचं वेळापत्रक. जर्नोचा वर्ग होता, सतरा मुलं, आणि शिकवणाऱ्यांत दोघे ठाण्यातच बातमीदारी करणारे. दुसरी, मुलांनी काढलेले अंक. विभागाच्या कपाटात होते, आठ पानी, साध्या कागदावर. कोऑर्डिनेटरनी तीन दिले, मी ते बाहेरच्या बाकावर बसून वाचले. विद्यार्थ्यांच्या अंकात बहुतेक वेळा 'सोशल मीडिया: शाप की वरदान' असले निबंध असतात. दोन अंक तसेच होते. तिसऱ्यात एसटीच्या संपावर पाऊण पान होतं. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा तो संप चालला होता. लिहिणारा मुलगा खोपटच्या आगारात जाऊन चार चालक-वाहकांशी बोलला होता. प्रत्येकाचं नाव, गाव, सेवेची वर्षं, आणि एकाने हातात पडणाऱ्या पगाराचा सांगितलेला आकडा. मांडणी वाकडीतिकडी, 'विलीनीकरण' तीनदा तीन प्रकारे लिहिलेलं. पण या मुलाला कोणीतरी आगारात पाठवलं होतं आणि परत आल्यावर नावं विचारली होती, हे त्या पाऊण पानात दिसत होतं. मला तेवढं पुरेसं वाटलं.

आणि वेळ. तास सकाळी सात ते बारा. कोपरखैरणेहून ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे वीसेक मिनिटं, पुढे थोडं चालणं. म्हणजे दुपार मोकळी. दुपार मोकळी असणं हे या शिक्षणात मी फार मोठं मानते, कारण सभा, पत्रकार परिषदा, महापालिका, कोर्ट सगळं दिवसाउजेडी चालतं. अकरा ते पाच वर्गात बसणारी मुलगी बातमीदारीचा सराव रविवारीच करणार.

इथे माझं आणि तिचं एक भांडणही झालं, ते नोंदवायला हवं. माझं मत होतं की तिने हे काहीच करू नये. सरळ बीए अर्थशास्त्र करावं, अनुदानित जागेवर, नाममात्र फीत. मग पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण: पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, कलिनाला मुंबई विद्यापीठाचा विभाग, अमरावतीला आयआयएमसीच्या (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन) केंद्रात तर मराठी पत्रकारितेचीच पदविका आहे. आधी एखादा विषय पक्का, मग लिहिण्याचं तंत्र. कांद्याच्या भावावर लिहायचं तर अर्थशास्त्राला पर्याय नाही, असं मी बरंच ताणून बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'ताई, तुम्ही म्हणता ते बरोबर असेल. पण घरी तीन वर्षांनंतर आणखी दोन वर्षं मागायची मला हिंमत होणार नाही. मला जे करायचंय ते याच तीन वर्षांत बसवायचंय.' या हिशोबावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी पाच वर्षांचा विचार करत होते. तो विचार करायला घरात थोडी ऐपत लागते.

प्रवेश दुसऱ्या यादीत झाला. आर्ट्स, कॉमर्स, सायन्सच्या याद्या वेगळ्या लागतात. टक्केवारी बघताना दुसऱ्या शाखेची यादी बघून रडणारी मुलं मी दरवर्षी बघते, म्हणून हे सांगते. आणि कॉलेजच्या अर्जाआधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची नोंदणी करून तो कागद जोडावा लागतो, तो आमचाही जवळजवळ राहिलाच होता. पहिल्या वर्षाची फी २९ हजारांच्या आसपास, दोन हप्त्यांत.

पहिलं वर्ष जड गेलं. शिकवणं इंग्रजीत. मोजक्या कॉलेजांत हा अभ्यासक्रम मराठीतूनही चालवला गेला, पण तिथे जायचं तर प्रवास दुप्पट होता. पहिल्या सत्रात जनसंवादाच्या मूलतत्त्वांत तिला केटी लागली, म्हणजे त्या विषयात ती नापास झाली. तिने ती घरी पंधरा दिवस सांगितली नाही, मला वाचनालयात सांगितली. पुढच्या परीक्षेत सुटली. खर्चाचा अंदाज मात्र माझाच चुकला. मी फी धरली होती. जुना का होईना लॅपटॉप, छपाईचे पैसे, फेस्टची वर्गणी, प्रोजेक्टसाठी भाड्याने कॅमेरा हे धरलंच नव्हतं. दुसऱ्या वर्षी 'इंडस्ट्रियल व्हिजिट' आली, कुलू-मनालीला. वडिलांनी मला फोन केला, 'मॅडम, मनालीत कुठली इंडस्ट्री हाय?' ती गेली नाही. न गेल्याने गुण कापले नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण मुलांना तशी भीती घातली जाते.

दुसऱ्या वर्षीच्या दुपारी कामाला आल्या. नवी मुंबईतल्या एका साप्ताहिकाला ती मार्केटच्या बातम्या देऊ लागली, आधी फुकट, मग बातमीला शंभर रुपये. ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने केंद्राने कांदा निर्यातबंदी केली, ३१ मार्च २०२४ पर्यंत. तिची बातमी माझ्याकडे आली ती अशी सुरू होत होती: 'केंद्र सरकारच्या निर्णयाचे तीव्र पडसाद वाशी मार्केटमध्ये उमटले.' मी विचारलं, पडसाद म्हणजे काय दिसलं तुला? ती म्हणाली, टोळ्या दुपारीच पत्ते खेळत बसल्या होत्या. मग ते लिही ना. दुसऱ्या खर्ड्यात पहिल्याच वाक्यात टोळी आली, वाराई आली, एका मुकादमाचं बोलणं आलं, आणि भावाच्या पुढे कंसात क्विंटलचा आकडाही. मुकादमाने बोलायला आधी नकार दिला होता. नंतर बोलला ते 'आपल्याच टोळीवाल्याची पोर' म्हणून. याला बीट म्हणतात, म्हणजे बातमीदाराचं आपलं ओळखीचं क्षेत्र, आणि ते तिला कुठल्या कॉलेजने दिलं नव्हतं. कॉलेजने दुपार दिली होती.

आता तो जून. जून २०२४, टीवायचा पहिला आठवडा. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना आली: जर्नोला किमान पंधरा विद्यार्थी हवेत, नोंदणी नऊ, पुरेशी संख्या न झाल्यास सर्वांना ॲडमध्ये सामावून घेतलं जाईल.

मी दोन वर्षांपूर्वी त्या कॉलेजचं वेळापत्रक बघितलं होतं, मोठ्या ऐटीत. पण एकाच वर्षाचं बघितलं होतं. तीन वर्षांचे आकडे मागितले असते तर संख्या उतरत चालल्याचं कदाचित दिसलं असतं. डेस्कवर कोणी एका दिवसाचा भाव घेऊन 'कांदा घसरला' असं लिहून आणलं असतं तर मी कॉपी परत फेकली असती.

ती नऊ मुलं गप्प बसली नाहीत. ॲडला गेलेल्यांतले जे नुसतेच मित्रांबरोबर गेले होते त्यांना त्यांनी एकेक करून गाठलं. एकाला क्रीडा पत्रकारिता करायची होती पण बोलायला लाजत होता. दोघी कॅन्टीनमध्ये चहावर तयार झाल्या. एकाच्या वडिलांशी तर हिनेच फोनवर बोलून घेतलं. संख्या चौदावर अडली. मग प्राचार्यांना निवेदन दिलं, चौदा सह्यांचं, आणि त्याला मागच्या दोन वर्षांत मुलांच्या बाहेर छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं जोडली. त्यात हिची सर्वांत जास्त. प्राचार्यांनी वर्ग मंजूर केला, पण काही तास ॲडबरोबर एकत्र लावले आणि निवडीचे विषय दोनच ठेवले. मुलांना गुन्हेवृत्त हवं होतं, ते मिळालं नाही. निवडीचे विषय कॉलेज ठरवतं, मुलं नव्हे, हाही प्रॉस्पेक्टसच्या यादीत न दिसणारा भाग. यादीतले सगळे विषय सगळीकडे शिकवले जात नाहीत.

वर्ष बरं गेलं. बातमीदारी करणाऱ्या दोघांपैकी एका शिक्षकाने वर्षाच्या मध्यात तास सोडले. दुसरे मात्र शेवटपर्यंत येत राहिले, मुलांना महापालिकेतही घेऊन गेले. २०२५ ला ती प्रथम श्रेणीत पास झाली. सध्या एका दैनिकाच्या ठाणे-नवी मुंबई पुरवणीत प्रशिक्षणार्थी आहे, अर्धा दिवस डेस्कवर, अर्धा बाहेर. पगार कळल्यावर वडील म्हणाले, 'टोळीत नवा लागलेला पोरगा यापेक्षा जास्त घेतो.' खरं आहे ते. ती हसली, वडील हसले नाहीत. आयआयएमसीच्या पदविकेचं तिने स्वतःहून विचारलंय, पुढच्या वर्षी बघू म्हणते.

यंदा प्रवेश घेणाऱ्यांसाठी रचना बदलली आहे. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय), सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांना १३२, चौथं ऑनर्सचं वर्ष घेतलं तर १७६. फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आता अभ्यासक्रमातच आहे. त्यामुळे कॉलेज ते कुठे करून घेतं, की नुसतं प्रमाणपत्र आणायला सांगतं, हा नवा प्रश्न झाला. चौथं वर्ष त्याच कॉलेजात आहे का, हाही. स्वायत्त कॉलेजांचे विषय तर आपापले असतात. एक गैरसमज मात्र काढून टाका: बीएमएस, बीबीए, बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेकडे गेल्यापासून त्यांना सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, आली, तिचा बीएएमएमसीशी संबंध नाही. गेल्या वर्षी दोन घरांनी ती सीईटी दिली नाही म्हणून पत्रकारितेचा नाद सोडला होता.

यंदाच्या जूनमध्ये त्याच वसाहतीतला एक मुलगा माझ्याकडे आला. मी त्याला वहीच्या पानावर चार प्रश्न लिहून दिले: गेल्या तीन वर्षांत पत्रकारितेची किती मुलं होती, कोण शिकवतं आणि ते सध्या कुठे काम करतात, तास किती वाजता संपतात, मुलांनी काढलेले शेवटचे तीन अंक बघायला मिळतील का. तो कागद घेऊन तो एका कॉलेजच्या खिडकीवर गेला. आतल्या बाईंनी चारही प्रश्न वाचले, कागद उलटा करून मागे काही लिहिलंय का तेही बघितलं, आणि विचारलं, 'हे तुला विचारायला कोणी सांगितलं?'

तो दुसऱ्या कॉलेजला गेलाय. तिथल्या सरांनी अंक दाखवतो म्हणून मंगळवारी बोलावलंय.